‘शिरीनचे लग्न’ आणि आपल्या लेकी
(राबिघ येथील वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस ‘परदेशातील आपली स्त्री’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय आपल्याच घरातला असला की बोलणाऱ्याची जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्याची मान खाली जाते. म्हणून आम्ही एक परकी कथा निवडली आहे. परक्याच्या आरशात आपला चेहरा पाहणे तुलनेने सोपे जाते. ही कथा एका जर्मन चित्रपटाची आहे. त्याचे नाव ‘शिरीन्स होखत्साइट’, म्हणजे ‘शिरीनचे लग्न’. हेल्मा सँडर्स-ब्राम्स या दिग्दर्शिकेने तो कोलोन येथील ‘वेस्टडॉइचर रुंडफुंक’ या प्रसारण संस्थेसाठी काढला आणि १९७६ साली तो दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. चित्रपट कृष्णधवल आहे, त्यात नाच-गाणी नाहीत आणि करमणूक शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. असे असूनही परदेशात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने त्याची कथा जाणून घेतली पाहिजे, असे आमचे प्रांजळ मत आहे.

प्रथम कथा थोडक्यात सांगतो. तुर्कस्तानातील अनातोलियाच्या एका खेड्यात शिरीन नावाची तरुण मुलगी राहते. बालपणीच तिचे महमूद नावाच्या मुलाशी लग्न ठरलेले आहे. परंतु तो कामासाठी जर्मनीला गेला आणि तिकडचाच झाला. घरची माणसे तिचे लग्न दुसऱ्याच एका वजनदार पुरुषाशी लावू पाहतात. शिरीन पळून जाते. इस्तंबूलला पोहोचून ती परदेशी कामगारांच्या भरतीत उभी राहते, वैद्यकीय तपासणीतून जाते आणि महमूदला शोधण्यासाठी कोलोनला येते. तेथे तिला कारखान्यात काम मिळते, बायकांच्या वसतिगृहात एक खाट मिळते, मैत्रिणी मिळतात. काही काळ असे वाटते की पोरीचे बरे चालले आहे.

पुढे मंदी येते आणि काम सुटते. काम सुटले की वसतिगृहातील खाट सुटते आणि राहण्याचा परवानाही धोक्यात येतो. साफसफाईच्या कामावर तिच्यावर अत्याचार होतो. शेवटी ती दलालांच्या हाती सापडते आणि आपल्याच देशबांधवांच्या वसाहतींतून फिरविली जाते. ज्याच्यासाठी ती समुद्र ओलांडून आली तो महमूद तिला भेटतो, परंतु तो पैसे मोजून आलेला गिऱ्हाईक म्हणून! अखेरीस गोळी लागून तिचा अंत होतो. संपूर्ण चित्रपटभर मृत शिरीनचा आवाज आणि दिग्दर्शिकेचा स्वतःचा आवाज एकमेकींशी बोलत राहतात. एक जर्मन स्त्री आणि एक तुर्की स्त्री, एक जिवंत आणि एक गेलेली, अशी ती विलक्षण जुगलबंदी आहे.

शिरीन-फरहादची कहाणी आपल्याकडे हिंदी चित्रपटांमुळे घरोघर ठाऊक आहे. प्रियेसाठी फरहाद डोंगर फोडतो. या चित्रपटात मात्र डोंगर फोडण्याचे काम शिरीनलाच करावे लागते, आणि डोंगराच्या पलीकडे तिची वाट पाहणारा कोणी नसतो.

आता या कथेमागील इतिहास पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीला कामगार कमी पडू लागले. १९५५ साली तिने इटलीशी, १९६० साली स्पेन व ग्रीसशी आणि ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानाशी कामगार भरतीचा करार केला. आलेल्या माणसांना जर्मन भाषेत ‘पाहुणे कामगार’ असे गोंडस नाव मिळाले. पाहुण्याने काम करावे आणि वेळ झाली की निघून जावे, असा त्याचा अर्थ. तुर्की करारात प्रारंभी दोन वर्षांच्या मुक्कामाची मर्यादा होती. ती १९६४ साली काढण्यात आली, कारण शिकविलेला कामगार परत पाठवून नवा आणणे कारखानदारांना परवडेना. पुढे २३ नोव्हेंबर १९७३ रोजी ही भरतीच बंद झाली.

या पाहुण्यांत स्त्रियाही होत्या, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या डोळ्यांसमोर हातात पेटी घेतलेला पुरुषच येतो. वस्तुतः १९७३ च्या सुमारास पश्चिम जर्मनीतील परदेशी कामगारांत दर दहांमागे सुमारे तीन स्त्रिया होत्या. विजेच्या उपकरणांच्या व वस्त्रांच्या कारखान्यांना त्यांची विशेष मागणी असे. मालकांचे म्हणणे असे की बायकांची बोटे नाजूक, कामात सफाई. बोटे नाजूक म्हणून काम द्यायचे आणि बाई म्हणून पगार कमी द्यायचा, असा हा दुहेरी न्याय होता. ‘हलके काम’ या नावाखाली स्त्रियांसाठी पगाराची एक वेगळी, सर्वांत खालची श्रेणीच तेथे होती.

बंधू-भगिनींनो, शिरीनचा नाश कशामुळे झाला? काही जण म्हणतील, मुलगी घरातून पळाली, तेथेच चुकली. काही जण म्हणतील, पाश्चात्त्य देशच वाईट. आम्हांस ही दोन्ही उत्तरे आळशीपणाची वाटतात. चित्रपट नीट पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. शिरीनचा पगार, तिचे छप्पर आणि तिचा परवाना या तिन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या होत्या, आणि त्या दोरीचे टोक दुसऱ्याच्या हातात होते. एक गाठ सुटताच तिन्ही सुटल्या. त्यानंतर जो आधार म्हणून पुढे आला तोच तिचा मालक झाला. स्त्रीला उद्ध्वस्त करण्यासाठी नेहमीच दुष्ट माणूस लागतो असे नाही; अशी एक दोरी पुरते. दुष्ट माणूस नंतर आपोआप येतो.

ही दोरी आपल्याला परिचयाची नाही काय? राबिघ हे मूळचेच वाटसरूंचे गाव. इजिप्त-सिरियाच्या वाटेने मक्केला निघालेले यात्रेकरू शतकानुशतके येथून जवळच असलेल्या अल-जुहफाच्या परिसरात इहराम धारण करीत आले. आज येथे तेलशुद्धीकरण आहे, रसायने आहेत, वीज आणि सिमेंट आहे, आणि आपल्यासारखे देशोदेशीचे वाटसरू आहेत. या भूमीने आपल्याला काम दिले, मुलांच्या शिक्षणाला पैसा दिला, गावाकडे पक्के घर दिले. तिच्याविषयी आपल्या मनात कृतज्ञताच आहे. तथापि इकाम्याचे स्वरूप आपण सारे जाणतो. पुरुषाचा इकामा नोकरीवर आणि पत्नीचा इकामा पतीवर अवलंबून. पतीची नोकरी संपली की फायनल एक्झिट साऱ्या कुटुंबाची. जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक आश्रितामागे दरमहा १०० रियाल शुल्क सुरू झाले आणि दरवर्षी वाढत जाऊन २०२० साली ते ४०० रियालवर गेले. तेव्हा कितीतरी घरांत हिशेब मांडला गेला आणि बायको-मुले मायदेशी परतली. त्या बैठकीत पत्नीचे मत किती घरांत विचारले गेले, याचे उत्तर ज्याचे त्याने मनाशी द्यावे.

आपल्या भगिनींमध्ये पदवीधर आहेत, शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत. कागदावर मात्र त्या ‘आश्रित’ आहेत. हा शब्द कचेरीपुरता असेल तर हरकत नाही. तो हळूहळू मनात उतरतो, ही खरी चिंता आहे.

आणि आपल्याहूनही एकाकी अशा स्त्रिया याच देशात आहेत: घरकामासाठी आलेल्या. त्यांचा कारखाना म्हणजे दुसऱ्याचे घर, वसतिगृह म्हणजे त्याच घरातील एक खोली. पगार, छप्पर आणि परवाना या तीन गाठी तेथे अक्षरशः एकाच दरवाजाआड असतात. भारत सरकारने २ जानेवारी २०१४ रोजी सौदी अरेबियाशी घरकामगारांच्या भरतीविषयी करार केला. ज्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट आहे, अशा तीस वर्षांखालील स्त्रियांना आखाती देशांत नोकरीस पाठवायचे नाही, असा नियमही आपल्या सरकारने केला. हेतू चांगला होता. परंतु गावातील एजंट अशा मुलीला भेटीच्या व्हिसावर, आडमार्गाने पाठवितो आणि मग ती कोणत्याच सरकारच्या वहीत उरत नाही. मार्च २०२१ मध्ये येथील सरकारने खासगी क्षेत्रातील कामगारांना काही अटींवर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मोकळीक दिली, हे स्वागतार्ह पाऊल होते. घरकामगार मात्र त्या सुधारणेच्या कक्षेबाहेर राहिले. येथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. दहावी उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीच्या पासपोर्टला ही तपासणीची अट सामान्यतः लागत नाही. दहावीचे प्रमाणपत्र हा एक कागद, परंतु तो मुलीच्या हाती असतो, एजंटच्या नव्हे. शिक्षणाचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. येथे ते पासपोर्टच्या पानावर छापलेले आहे.

हा प्रश्न केवळ परदेशाचाच आहे असेही मानू नये. मुंबई आपल्या आजी-आजोबांना परदेशच होती. कोकणातून, घाटावरून, विदर्भ-मराठवाड्यातून ती पिढी गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आली. आपल्या आज्या गिरणीच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत उभ्या राहिल्या. पुढे यंत्रे बदलली, आणि खात्यांतून प्रथम कमी झाल्या त्या बायकाच. जयवंत दळवींच्या ‘चक्र’ या कादंबरीवर रवींद्र धर्मराज यांनी त्याच नावाचा हिंदी चित्रपट काढला. गावातून परागंदा होऊन मुंबईच्या झोपडपट्टीत मुलाला वाढविणारी अम्मा स्मिता पाटील यांनी त्यात उभी केली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८१ साली स्वित्झर्लंडमधील लोकार्नो महोत्सवात या चित्रपटास सर्वोच्च पारितोषिक लाभले. कोलोनची शिरीन आणि मुंबईची अम्मा यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा. परंतु दोघींचेही छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर उभे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे मर्म फार आधी ओळखले होते. लंडनच्या अभ्यासकाळात त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदविले होते, हे आपण वाचलेले आहे. बॉन हे शिरीनच्या कोलोनपासून हाकेच्या अंतरावरील शहर! परंतु आजच्या विषयाशी त्याहून निकटचा प्रसंग १९२८ सालचा आहे. मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्यास पाठिंबा दिला. स्त्रीच्या श्रमातून ज्याला नफा होतो त्या मालकाने तिच्या बाळंतपणाच्या काळातील भार उचललाच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेत दया नाही, हक्क आहे. स्त्रीच्या हातात स्वतःची मिळकत आणि स्वतःचा कायदेशीर आधार असावा, हेच सूत्र पुढे हिंदू कोड बिलात आले आणि त्यासाठी त्यांनी १९५१ साली मंत्रिपदाचा त्याग केला. ही दोरी कापण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले.

आता या चित्रपटाच्या संदर्भात घडलेली एक घटना सांगतो. आमच्या मते ती कथेइतकीच बोधप्रद आहे. चित्रपट दाखविला गेल्यावर जर्मनीतील तुर्की राष्ट्रवादी मंडळी खवळून उठली. निदर्शने झाली. शिरीनची भूमिका करणाऱ्या आयतेन एर्तेन या अभिनेत्रीला धमक्या आल्या. आक्षेप असा की तुर्की स्त्री वेश्या झालेली दाखवून राष्ट्राची बेअब्रू केली. शिरीनसारख्या मुलीवर अशी वेळ का आली, याची चौकशी करण्यापेक्षा ती वेळ पडद्यावर का दाखविली, याचाच त्यांना अधिक संताप आला. ज्या वसाहतींतून शिरीनला फिरविले गेले तेथील पुरुष तुर्कीच होते, हे मात्र त्यांनी सोयीस्करपणे नजरेआड केले.

आम्ही हे त्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. अल्पसंख्य म्हणून परक्या देशात राहणाऱ्या प्रत्येक समाजाला हा रोग जडतो. आधीच लोक आपल्याला हलके लेखतात, मग आपल्या घरातील दुःख चव्हाट्यावर कशाला, असे वाटते. आपण तर पिढ्यान् पिढ्या हिणवले गेलेलो आहोत. म्हणून आपली अब्रू आपल्याला अधिकच जपावीशी वाटते. परंतु समाजाची अब्रू राखण्याचे ओझे जर अत्याचार सोसणाऱ्या बाईच्याच डोक्यावर ठेवले जाणार असेल, तर ती अब्रू नव्हे, ते तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे. एखाद्या भगिनीच्या घरी मारहाण होते, एखादीचे दागिने आणि पासपोर्ट कुलपात आहेत, एखादी सहा महिने कोणाशी बोललेली नाही, हे आपल्या वस्तीत चार घरांना कळते आणि चारही घरे ‘आपण कशाला मध्ये पडा’ म्हणून पडदे ओढतात. पडदा ओढणारे हात आणि धमकीची पत्रे लिहिणारे हात यांत अंतर आहे खरे, पण ते आपण समजतो तितके मोठे नाही.

चित्रपटाविषयी आमची एक तक्रारही आहे, ती नोंदविली पाहिजे. दिग्दर्शिकेचे मन करुणेने भरलेले आहे. परंतु तिची शिरीन अखेरपर्यंत बळीच राहते. प्रत्यक्षात त्या काळच्या परदेशी कामगार स्त्रिया केवळ बळी नव्हत्या. ऑगस्ट १९७३ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या तीन वर्षे आधी, कोलोनपासून फार दूर नसलेल्या नॉइस या शहरात पीअरबुर्ग नावाच्या मोटारीचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात संप झाला. तो मुख्यतः परदेशी स्त्रियांनी सुरू केला: तुर्की, ग्रीक, युगोस्लाव्ह, इटालियन, स्पॅनिश. एकीची भाषा दुसरीला नीट कळत नव्हती. मागणी अशी की ‘हलक्या कामा’ची खालची पगार-श्रेणी रद्द करा. पोलिसांचा मार खाऊनही त्या दारातून हलल्या नाहीत. काही दिवसांनी जर्मन कुशल कामगारही त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि मालकाला नमावे लागले. ती श्रेणी रद्द झाली, तासाच्या मजुरीतही वाढ झाली. शिरीन आणि या स्त्रियांचे हाल सारखेच होते. फरक इतकाच की शिरीनजवळ अखेरीस कोणी उरले नाही, आणि या सगळ्याजणी एकमेकींजवळ राहिल्या.

असेच उदाहरण आपल्या मुंबईतही आहे. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना एकत्र आणले आणि बँकेच्या कर्जाचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडला. पोळी लाटणाऱ्या हाताने बँकेच्या कागदावर सही केली. सावकाराच्या हातातील दोरीचे टोक तेथे सुटले.

आता आम्ही आजच्या काळाकडे वळतो, कारण ही कथा जुनी झालेली नाही. भरती बंद करणाऱ्या त्याच जर्मनीला आज पुन्हा माणसे हवी आहेत. मार्च २०२० पासून तेथे कुशल कामगारांसाठी नवा कायदा लागू झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. परिचारिका, तंत्रज्ञ, चालक तिकडे जाण्याची तयारी करीत आहेत. राबिघ-जेद्द्याच्या शाळांत वाढलेल्या आपल्या मुलीही उद्या जर्मनीला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला जातील. त्यांनी अवश्य जावे. शिरीनची कथा सांगून मुलींच्या पायांत बेडी घालावी, असा आमचा मुळीच हेतू नाही. ‘जग वाईट आहे, घरीच बस’ हा बोध या चित्रपटातून जो काढील, त्याने शिरीन घरातूनच का पळाली हे पाहिलेले नाही.

मुलीने जाताना तीन गाठी तीन वेगळ्या ठिकाणी बांधाव्यात, एवढेच आमचे सांगणे आहे. कागद स्वतःच्या हाती असावेत: पासपोर्ट, पदव्या, कराराची प्रत. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे येथील नियमांनाही मान्य नाही. नवऱ्याने किंवा सासऱ्याने कुलपात ठेवणे तर मुळीच शोभत नाही. मिळकत स्वतःच्या खात्यात असावी, मग ती थोडी का असेना. आणि नोकरी गेली तरी ज्या दारावर रात्री थाप मारता येईल असे एक तरी घर त्या शहरात असावे. पहिल्या दोन गोष्टी मुलगी स्वतः मिळवू शकते. तिसरी मात्र समाजानेच द्यावयाची आहे, आणि आपल्यासारख्या संघांचे खरे प्रयोजन तेच आहे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. जयंतीचा सोहळा आपण थाटात करतो, तो करावाच. त्याबरोबर आपल्या भगिनींचे एक लहान मंडळ असावे. त्यातील दोघी-तिघींचे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरातील स्त्रीकडे असावेत. अडचणीत सापडलेल्या स्त्रीची हकीकत प्रथम त्यांनी ऐकावी. पुरुषांनी तिची उलटतपासणी घेऊ नये. जेद्द्याच्या भारतीय वाणिज्य दूतावासात कसे जावे, संकटातील भारतीयांसाठी २००९ पासून असलेल्या सामाजिक कल्याण निधीतून मदत कशी मागावी, तक्रार कोठे नोंदवावी, हे त्यांना पाठ असावे. आणि आपल्याच जातीची, जिल्ह्याची, भाषेची बाई आहे की नाही हे विचारून मदतीचा दरवाजा उघडू नये. नॉइसच्या बायकांनी ते विचारले असते, तर त्यांचा संप एका दिवसात मोडला असता.

शिरीनच्या मृत्यूनंतर तिच्याशी बोलणारी एक स्त्री होती. म्हणून तिची कथा आपल्यापर्यंत पोहोचली. आपल्या वस्तीतील शिरीनशी तिच्या हयातीतच कोणी तरी बोलावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!